वाफेच्या राज्यांत पहिलें पाऊल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांस नवल वाटेल. विषय आहे खेळाचा. परंतु या खेळांत पट नसला तरी चालतें, सोंगट्या नसल्या तरी अडत नाहीं, आणि शेवटीं कोणी जिंकतही नाहीं. चार-पांच माणसें एका मेजाभोवतीं बसतात. त्यांतील एकजण एका कल्पित देशाचें वर्णन करतो; बाकीचे त्या देशांतील एकेक पात्र होऊन बोलतात व वागतात; आणि जेथें यश कीं अपयश हें नुसत्या बोलण्यानें ठरेना, तेथें फासे टाकतात. इंग्रजींत यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण त्यास भूमिकांचा खेळ म्हणूं. वर्णन करणारास मी सूत्रधार म्हणणार आहें, कारण आपल्या रंगभूमीवरील हा जुना शब्द त्या कामास चपखल बसतो.

या खेळासाठीं पुष्कळ कल्पित देश रचले गेले आहेत. त्यांपैकीं ज्यांत जादूही आहे आणि वाफेचें इंजिनही आहे, अशा एका देशांत प्रवेश कसा करावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे. त्या देशाचें नांव 'आयर्न किंग्डम्स', म्हणजे लोखंडी राज्यें. आपल्या घरांतील मुलांच्या तोंडीं हें नांव कदाचित् आलें असेल; किंवा त्याचा जाडजूड ग्रंथ आपण हातीं घेऊन चाळला असेल आणि मुकाट्यानें पुनः जागेवर ठेवला असेल. ठेवून देण्याचें कारण बहुधा एकच असतें. एवढें सगळें वाचून मग खेळावयाचें, तर खेळावयाचें केव्हां? माझें सांगणें असें कीं, एवढें वाचावें लागत नाहीं. एक शहर, एक यंत्र आणि एक पोतें कोळसा एवढ्या भांडवलावर आरंभ होतो. आणि असा लहान आरंभच टिकतो.

प्रथम या खेळाची कुळी थोडक्यांत पाहूं. १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशा, ठोकळे आणि फासे यांच्या साह्यानें युद्धशास्त्र शिकविणारा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यांत दोन्ही बाजूंच्या आज्ञा ऐकून निकाल देणारा एक पंच असे. तोच आपल्या सूत्रधाराचा पूर्वज. पुढें दीडशें वर्षांनीं, १९७४ सालीं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. त्यांत प्रत्येक खेळाडूच्या वांट्यास सबंध सैन्याऐवजीं एकच मनुष्य आला, आणि युद्धाच्या खेळाची कथा झाली.

दुसरी कुळी वाफेची. जूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारानें १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'वाफेचें घर' या कादंबरींत वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती उत्तर हिंदुस्थानांतून दोन फिरतीं घरें ओढीत नेतो. आपणां मराठी माणसांस मौजेची गोष्ट अशी कीं, त्या कादंबरीचा आरंभ १८६७ सालच्या औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत होतो, आणि तोही नानासाहेब पेशव्यांस पकडून देणारास इनाम लावल्याच्या जाहीर सूचनेनें. व्हर्ननें नानासाहेबांस खलपुरुष म्हणून रंगविलें आहे. तें आपणांस रुचणार नाहीं. तथापि, यंत्र आणि अद्भुत यांचा जो संसार पुढें थाटला गेला, त्याच्या एका आद्य कथेची पहिली पायरी आपल्या मराठवाड्यांत आहे, हें विसरावयास नको. अशा कथांस 'स्टीमपंक' हें नांव मात्र बरेंच अलीकडे मिळालें. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानें १९८७ सालीं 'लोकस' मासिकास लिहिलेल्या पत्रांत तें प्रथम सुचविलें.

या दोन कुळ्यांचा विवाह ज्या घरांत झाला, त्यांपैकीं एक घर म्हणजे ही लोखंडी राज्यें. अमेरिकेंतील प्रायव्हेटीर प्रेस या प्रकाशनसंस्थेनें २००१ सालीं 'द लाँगेस्ट नाइट' ही साहसकथा काढून त्यांचा पाया घातला. २००३ सालीं त्याच देशावर बेतलेला 'वॉरमशीन' हा लहान मूर्तींचा युद्धखेळ आला. भूमिकांच्या खेळाचे नियम तीन वेळां निराळ्या सांच्यांत ओतले गेले. २००४ सालचे नियम त्या वेळच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर आधारलेले होते. २०१२ सालीं या देशाचे स्वतंत्र नियम निघाले. आणि २०२१ सालच्या 'रेक्विएम' या आवृत्तींत पुनः 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पांचव्या आवृत्तीचे नियम स्वीकारण्यांत आले. नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेंच होतो. एका आवृत्तीचा ग्रंथ आणि दुसरीचे नियम एकत्र आणले तर तीं जुळत नाहींत. म्हणून मंडळींपैकीं कोणास पांचवी आवृत्ति येत असेल तर 'रेक्विएम' घ्यावें. तिचे प्राथमिक नियम प्रकाशकांनीं विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहेत. सर्वच नवे असाल आणि कोणाकडे २०१२ सालचा ग्रंथ असेल, तर तोही उत्तम. कोणताही एक घ्यावा. दोन मात्र घेऊं नयेत.

आतां देशाचें स्वरूप. या कल्पित जगाचें नांव केन, आणि आपली कथा घडते ती इमोरेन नांवाच्या खंडाच्या पश्चिम भागांत. समुद्रापलीकडून आलेल्या ऑरगॉथ नांवाच्या क्रूर लोकांनीं येथें कित्येक शतकें राज्य केलें. अखेर प्रजेनें बंड केलें. बंदुकीची दारू आणि 'कलॉसल' नांवाचीं प्रचंड वाफेचीं यंत्रें यांच्या बळावर परकी सत्ता हांकून दिली. आणि कॉर्व्हिस नांवाच्या शहरीं तह करून नव्या राज्यांच्या सीमा आंखल्या. दक्षिणेस सिग्नार, उत्तरेस थंडीचा व लढाऊ खेडॉर, आणि लेएल व ऑर्ड हीं दोन लहान राज्यें. पुढें सिग्नारमधून मेनॉथ देवतेच्या नांवानें चालणारी एक कडवी धर्मसत्ता फुटून निघाली. पश्चिमेकडील बेटांवर टोरुक नांवाच्या ड्रॅगनचें प्रेतांचें राज्य आहे. खेडॉरनें लेएलवर स्वारी करून त्याचा बहुतेक भाग गिळला, हा या कथेंतील मोठा प्रसंग. पहिल्या बैठकीस इतका इतिहास पुरे झाला. शाळेंतही सनावळीनें आरंभ केला कीं मुलें खिडकीबाहेर पाहूं लागतात. येथें तर आपण करमणुकीस बसलों आहों.

या देशाचा खरा नायक राजा नव्हे, यंत्र आहे. मनुष्याच्या आकाराचें, पण त्याहून कितीतरी थोर असें लोखंडी धूड; पाठीवर भट्टी, बॉयलर आणि धुराडें; आणि आंत 'कॉर्टेक्स' नांवाचा जादूनें घडविलेला मेंदू. त्याचें इंग्रजी नांव 'स्टीमजॅक'. आपण त्यास वाफेचा गडी म्हणूं. कांहीं गडी हमाली करतात, कांहीं लढाईवर जातात. त्यांस तोंडी हुकूम समजतो. आणि 'वॉरकास्टर' नांवाचे विरळा मांत्रिक तर केवळ मनानें त्यांस चालवितात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. परीकथेंतील राक्षस दिवा घांसतांच हजर होतो. वाफेचा गडी तसा होत नाहीं. १७१२ सालीं न्यूकमेननें इंग्लंडांत खाणीचें पाणी उपसण्यासाठीं आपलें इंजिन उभें केलें. १७६९ सालीं जेम्स वॉटनें वाफ थंड करण्याचें वेगळें पात्र योजून त्याचें पेटंट मिळविलें, आणि तेवढ्याच कामास लागणारा कोळसा पुष्कळ वांचला. म्हणजे वाफेच्या शक्तीचा सारा इतिहास हा एका अर्थीं कोळशाच्या हिशेबाचा इतिहास आहे. पाण्याची वाफ झाली म्हणजे साध्या हवेच्या दाबाखालीं ती मूळच्या सोळाशें पटींहून अधिक जागा व्यापूं पाहते. त्या धडपडींत सगळें बळ आहे, आणि बॉयलरमधील पाणी उतरूं दिलें तर नाशही तेथेंच आहे. थंड इंजिनांत वाफ धरावयास वेळ लागतो. म्हणून शत्रु दाराशीं आल्यावर भट्टी पेटविणें व्यर्थ. या खेळाच्या ग्रंथांत प्रत्येक गड्यापुढें त्यास किती कोळसा लागतो, तो साध्या कामांत किती वेळ पुरतो आणि लढाईंत किती लवकर संपतो, याचे आंकडे दिलेले असतात. नवे खेळाडू हे आंकडे रूक्ष समजून सोडून देतात. सोडूं नयेत. ज्या बळाची किंमत मोजावी लागत नाहीं, त्या बळाची गोष्ट होत नाहीं. पोत्यांत दोन फावडीं कोळसा उरला आहे आणि पुलापलीकडे मित्र अडकला आहे, असें म्हणतांच मेजाभोवतींचीं माणसें पुढें सरकून बसतात.

फाशांविषयीं थोडें गणित. २०१२ सालच्या नियमांत बहुतेक वेळां साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरजेंत पात्राचा अंगचा गुण आणि शिकलेलें कौशल्य मिळवितात, आणि ठरलेला आंकडा गांठला तर काम साधतें. दोन फाशांच्या जुळण्या होतात छत्तीस. त्यांपैकीं सात ही बेरीज सहा प्रकारांनीं येते. दोन किंवा बारा फक्त एकेका प्रकारानें. समजा, गळकी नळी सांधावयास बारा हा आंकडा हवा आहे. ज्याचा गुण चार व कौशल्य दोन, त्यास फाशांवर सहा किंवा अधिक पडले कीं झालें. ती संधि छत्तिसांत सव्वीस. ज्याचा गुण चारच पण हुन्नर शिकलेला नाहीं, त्यास आठ हवेत. ती संधि छत्तिसांत पंधरा. शिक्षणानें काय फरक पडतो, हें मुलांस सांगण्याचें याहून सुलभ साधन मला ठाऊक नाहीं. 'रेक्विएम'मध्यें वीस बाजूंचा एकच फासा असतो. त्यावर प्रत्येक आंकडा सारख्याच संभवानें येतो. म्हणून तेथें दैवाची लहर अधिक जाणवते.

पात्रें निर्माण करतांना २०१२ सालच्या नियमांतील एक योजना मला विशेष आवडते. तींत प्रत्येक पात्रास आरंभीं दोन पेशे घ्यावे लागतात. एखादा किमयागार असून शिवाय चोर; एखादा सैनिक असून शिवाय यंत्रदुरुस्ती करणारा; एखादी पुरोहित असून शिवाय शोध-तपास करणारी. दोन पेशे म्हटले कीं मध्यें एक प्रश्न आपोआप उभा राहतो: हा सैनिक पाना हातांत कां घेऊं लागला? त्या प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत लिहिलें म्हणजे पात्र तयार झालें. पानभर चरित्र लिहूं नये. मनुष्यांशिवाय येथें इतर जातीही आहेत. ठेंगणे पण यंत्रांत हुषार गॉबर, थोराड ट्रॉलकिन, उत्तरेकडील रूल देशाचे बुटके ड्वार्फ, अशांपैकीं एखादा मंडळींत असला म्हणजे संभाषणास रंग चढतो.

आतां पहिली बैठक. जागा कॉर्व्हिसच घ्यावी. ब्लॅक रिव्हर आणि ड्रॅगन्स टंग या दोन नद्यांच्या संगमावर, दलदलींत बांधलेलें हें शहर हळूहळू खचत चाललें आहे. म्हणून जुन्या इमारतींवर नव्या चढत जातात आणि खालीं जुन्या शहराच्या अंधाऱ्या वाटा उरतात. त्यास भुतांचें शहर म्हणतात. सरहद्द जवळ असल्यामुळें तेथें व्यापारीही येतात आणि लेएलचे निर्वासितही. सूत्रधारानें नकाशावर एवढींच चार ठिकाणें काढावीं: एक धक्का, एक कोळशाची वखार, एक खाणावळ आणि खालच्या शहराकडे जाणारें एक दार.

चौघा पात्रांनीं मिळून कर्ज काढून हमालीचा एक जुना गडी घेतला आहे, असें धरून चला. दिवसाची मजुरी कोळशांत जाते, उरलेली व्याजांत. एके संध्याकाळीं एक पडाव धक्क्यास लागतो, आणि त्याचा मालक दुप्पट मजुरी देऊन एक मोहरबंद पेटी खालच्या शहरांतील तळघरांत पोंचवावयास सांगतो. गडी पेटी उचलतो, दारापर्यंत येतो आणि थांबतो. भट्टी धगधगते आहे, पाणी पुरेसें आहे, नळ्या शाबूत आहेत. तरी तो पुढें पाऊल टाकीत नाहीं. येथें सूत्रधारानें वर्णन संपवावें आणि विचारावें, "तुम्ही काय करतां?" आणि मग गप्प बसावें. या गप्प बसण्यांतच सूत्रधाराची निम्मी विद्या आहे. कोणी भट्टी तपासील, कोणी पेटीस कान लावील, कोणी त्या गड्याशीं चार शब्द बोलूं पाहील. जें सुचेल त्यास "नाहीं" म्हणण्याची घाई करूं नये. फासा विरुद्ध पडला तरी कथेचें दार बंद होऊं नये. फार तर दुसरें, अधिक अडचणीचें दार उघडावें.

गडी कां थांबला? या प्रश्नांत या देशाचें मर्म आहे. त्या कॉर्टेक्समध्यें अनुभव सांठत जातो. वर्षानुवर्षें काम केलेल्या गड्यास स्वतःच्या खोडी येतात, आवडीनिवडी येतात, हट्ट येतो. तो अधिक शहाणा होतो आणि तितकाच अवघडही. म्हणून मालक लोक वेळोवेळीं तो मेंदू पुसून स्वच्छ करवितात. पुसला कीं गडी पुनः आज्ञाधारक होतो. परंतु जें शिकला तें सगळें जातें. आपला गडी या दारांतून पूर्वीं एकदां गेला असेल, आणि तेथें काय घडलें तें त्याच्या लोखंडांत कोठेंतरी उरलें असेल. सावकार म्हणतो, "पुसून टाका, नाहींतर माझी रक्कम आजच परत करा." मुदत उद्यां सकाळपर्यंत. आतां फाशांचें काम नाहीं. चौघांनीं ठरवावयाचें आहे कीं, जो आपल्यासाठीं ओझीं वाहतो, त्यास आठवण ठेवण्याचा अधिकार आहे कीं नाहीं.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, आणि पुढें सारा जन्म फळ्यापुढें उभा राहिलेला मनुष्य. वर्गांत असा प्रश्न निबंधास घातला, तर मुलें मला काय आवडेल तें लिहितात. मेजाभोवतीं त्यांस स्वतःचें उत्तर द्यावें लागतें, आणि समोरच्याचें उत्तर ऐकूनही घ्यावें लागतें. कारण कथा दोघांची आहे. एकानें पुसावें म्हटलें आणि दुसरी अडून बसली, तर पुढचा अर्धा तास जें संभाषण होतें, त्यास वादविवाद म्हणा कीं नीतिपाठ म्हणा, तें कोणीही लिहून दिलेलें नसतें. हल्लीं घरांत चार माणसें असलीं तर चौघांचीं तोंडें चार दिशांस, प्रत्येकजण आपापल्या उजळ पडद्यांत बुडालेला, असें चित्र दिसतें. महिन्यांतून दोन संध्याकाळ तीच चार माणसें एका दिव्याखालीं एकमेकांचें बोलणें ऐकत बसलीं, तर हा लाभ लहान नाहीं.

यावर आक्षेप येतील, आणि ते पूर्वींही आले आहेत. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अशी ओरड झाली कीं, या खेळांनीं मुलें अघोरी विद्येकडे वळतात. ती ओरड पुढें विरली आणि खेळ राहिला. माझ्या मतें खऱ्या काळज्या साध्या आहेत. पहिली वेळेची: तीन तास ठरवावे आणि घड्याळ पाहून उठावें. दुसरी पैशाची: ग्रंथ महाग असतात, मूर्ति त्याहून महाग, आरंभास एक ग्रंथ, चार पेन्सिली, कागद आणि फासे पुरतात, मूर्तींच्या जागीं बुद्धिबळांतले मोहरे ठेवावे. तिसरी वाचाळाची: प्रत्येक मंडळींत एकजण सर्वांच्या वतीनें बोलतो, सूत्रधारानें मुद्दाम गप्प बसलेल्याकडे वळून विचारावें. चौथी मनाची: या जगांत युद्ध आहे, प्रेतें आहेत, छळ आहे, आरंभींच सर्वांनीं मिळून ठरवावें कीं कोणते प्रसंग आपल्या घरांत नकोत, आणि ठरलेलें पाळावें.

एक सूचना भाषेविषयीं. ग्रंथ इंग्रजी असला तरी खेळ मराठींतून खेळावा. कॉर्व्हिसचा कोळसेवाला मराठींत घासाघीस करूं लागला कीं तें शहर एकदम जवळ येतें. तांत्रिक नांवें तशींच ठेवावीं. बाकी भांडणें, विनवण्या, शपथा आणि थट्टा आपल्या बोलींत याव्या. परक्या भाषेंत मनुष्य बेतून बोलतो. स्वतःच्या भाषेंत त्याच्या तोंडून मनांतलें निघून जातें, आणि या खेळास तेंच हवें असतें.

श्रोतेहो, मला दिलेला वेळ संपत आला. आपण आरंभ करणारच असाल तर या आठवड्यांतील एक संध्याकाळ ठरवा, चौघांस बोलवा, आणि कोळशाचें पोतें किती भरलेलें आहे तें कागदाच्या कोपऱ्यांत प्रथम लिहून ठेवा. देशाचा इतिहास मागाहून, लागेल तसा वाचतां येईल. धक्क्यावरचा तो गडी मात्र दारापुढें अजून उभा आहे. त्याचें काय करावयाचें तें ग्रंथांत लिहिलेलें नाहीं. तें आपणांस ठरवावयाचें आहे.